नाण्यावरची चूक टांकसाळीतली की नंतरची? तपासायचा नीट क्रम

घरात आजीच्या डब्यात एखादं वेडंवाकडं नाणं सापडलं की बहुतेक लोक पहिलं काम काय करतात, तर यूट्यूबवर त्याची किंमत शोधतात, आणि तिथेच सगळं चुकायला सुरुवात होते. किंमत हा शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न एवढाच, की ही गोष्ट नाणं टांकसाळीतून बाहेर पडायच्या आधी झाली की नंतर. आधी झाली असेल तर एरर, नंतर झाली असेल तर डॅमेज, आणि कोणी पैसे काढायला मुद्दाम केली असेल तर छेडछाड. मला रोज फोटो येतात आणि खरं सांगायचं तर त्यातली बहुतेक नाणी डॅमेज निघतात. लोक फसवत असतात असं नाही, तपासायचा क्रम चुकीचा असतो. म्हणून हा क्रम लिहून ठेवतोय.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मशीनमध्ये नाण्याचा छापा आणि काटा एकाच दाबात, एकाच वेळी उमटतात. चकती दोन डायच्या, म्हणजे चित्र कोरलेल्या दोन ठशांच्या मध्ये असते, बाजूने कॉलरने, म्हणजे एका गोल कड्याने धरलेली असते, दाब पडतो आणि तिन्ही बाजू एकदमच तयार होतात. त्यामुळे एका बाजूला काही विचित्र दिसत असेल तर त्याचा पुरावा बहुतेक वेळा दुसऱ्या बाजूला किंवा कडेवर मिळायला पाहिजे (एकाच डायला तडा गेला किंवा त्यात ग्रीस भरलं तर मात्र एकच बाजू बिघडते, ते पायरी ५ मध्ये). नसेल मिळत तर संशय घ्या.

## तयारी

सामान फार लागत नाही. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा, व्हर्नियर कॅलिपर, सराफ वापरतात तसं दहापट भिंग, एक चुंबक आणि टॉर्च. टॉर्च वरून नाही, आडवी धरायची, म्हणजे उजेड नाण्यावरून सरपटत जातो आणि उंचसखल लगेच कळतं. मोबाइलचा फ्लॅश समोरून मारला की सगळं सपाट दिसतं.

या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे त्याच प्रकारची, जमलं तर त्याच वर्षाची दोन-तीन साधी नाणी शेजारी ठेवा. याशिवाय तपासणी सुरूच करू नका. साधं नाणं कसं दिसतं हे माहीत नसताना बिघडलेलं ओळखायला बसणं म्हणजे अंधारात सुई शोधणं.

सावधान: नाणं धुऊ नका, चिंच लावू नका, लिंबू नको, भांडी घासायची पावडर तर अजिबात नको. जुन्या नाण्यावरचा काळपट-तपकिरी थर हाच आपला सगळ्यात मोठा साक्षीदार असतो आणि तो एकदा गेला की परत येत नाही. गौरी-गणपतीत पूजेला ठेवलेली नाणी घासून चकचकीत करायची पद्धत घराघरात आहे, त्यात किती चांगली नाणी वाया गेलीत ते बघून जीव तुटतो. नाणं कडेला धरून उचला, खाली मऊ कापड घ्या.

## पायरी १: नाणं हाताने पाडलेलं की मशीनने?

ही पायरी जवळपास सगळे विसरतात. शिवराई हातात आली, त्यावर "श्री राजा शिव" मधलं अर्धंच दिसतंय, मागे "छत्रपति" मधली दोनच अक्षरं, की लगेच "ऑफ सेंटर एरर", म्हणजे ठसा मधोमध न बसता सरकलेला, म्हणून पोस्ट. तो एरर नाही. शिवराई हाताने ठोकून पाडलेली आहे, ठसा बऱ्याचदा चकतीपेक्षा मोठा असायचा, बाजूला कॉलर नव्हती, त्यामुळे लेख अर्धा येणं, एका बाजूला सरकणं, चकती वाकडीतिकडी असणं, ठसा दोनदा बसलेला दिसणं हे सगळं नेहमीचंच. उलट ज्या शिवराईवर सगळी अक्षरं पूर्ण आलीत तीच कमी मिळते. दुदांडी या शिवराईच्याच एका प्रकारालाही हेच लागू, आणि मराठेशाहीतल्या अंकुशी किंवा चांदवडी रुपयालाही.

जुन्या चांदीच्या रुपयांवर बारीक बारीक खड्डे किंवा चिन्हं ठोकलेली दिसतात, त्या सराफांच्या खुणा. चांदी खरी आहे का हे बघायला त्यांनी ठोकलेल्या. टांकसाळीतला एरर म्हणून त्या विकता येत नाहीत, पण आजच्या डॅमेजसारखं त्यांना टाकूही नये, त्या नाण्याच्या वापराचा भाग आहेत.

पुढच्या सगळ्या पायऱ्या मशीनने पाडलेल्या नाण्यांसाठी आहेत, म्हणजे ब्रिटिश राजवटीतली मशीनची नाणी आणि स्वातंत्र्यानंतरची.

## पायरी २: ही चूक आहे की दुसरं डिझाइन?

अर्धे "एरर" इथेच संपतात. सालाखाली टांकसाळीचं चिन्ह नाही म्हणजे एरर नाही, कोलकात्याच्या नाण्यांवर चिन्ह नसतंच. मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका. १९८५ च्या एक रुपयावर इंग्रजी एच दिसला तर ते नाणं बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीत पाडून आणलेलं आहे. १० रुपयांच्या नाण्यात कुठे रुपयाचं चिन्ह आहे, कुठे नाही, रेघांची संख्या वेगळी, यावरून लोक भांडतात, पण रिझर्व्ह बँकेनेच २०१८ मध्ये सांगितलं होतं की १४ वेगवेगळी डिझाइन चालतात.

अजून एक हमखास सापळा. राजा सातव्या एडवर्डच्या काळातला पाव आणा, एक जाड आणि एक पातळ सापडतो आणि पातळ वाला "पातळ चकतीचा एरर" म्हणून विकला जातो. १९०६ मध्ये तांब्याऐवजी ब्राँझ आलं आणि पाव आण्याचं वजन साधारण ६.४८ ग्रॅमवरून ४.८६ ग्रॅमवर आलं, १९०६ साल दोन्हीवर मिळतं. तो धातूचा बदल आहे, एरर नाही.

## पायरी ३: वजन, व्यास, चुंबक

चित्र बघायच्या आधी मोजा. आधी चित्र बघितलं की मन ठरवून मोकळं होतं आणि मग काट्यावरचा आकडासुद्धा आपल्याला हवा तसा दिसायला लागतो.

नेहमी लागणारे आकडे असे: ब्रिटिश राणी-राजाचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅम. १९९२ ते २०१० मधला स्टीलचा १ रुपया ४.८५ ग्रॅम, २५ मिमी. अकरा कोनांचा २ रुपया ६ ग्रॅम. जुना जाड ५ रुपया ९ ग्रॅम, २३ मिमी. गेंड्याचे २५ पैसे २.८ ग्रॅमच्या आसपास, १९ मिमी. १० रुपये ७.७१ ग्रॅम, २७ मिमी. वापरलेलं नाणं थोडं कमी भरणारच, तेवढं धरून चाला.

- वजन पूर्ण, पण नाणं मोठं आणि पातळ: कॉलरशिवाय पाडलेलं असू शकतं, किंवा हातोडीने ठोकलेलं, किंवा पोरांनी रेल्वे रुळावर ठेवलेलं. पायरी ४ मध्ये निकाल लागेल.
- वजन कमी, व्यास कमी, अक्षरं सगळीकडे सारखीच पुसट आणि पृष्ठभाग खडबडीत: ॲसिड. हे "पातळ चकती" म्हणून खूप विकलं जातं. खऱ्या पातळ चकतीवर व्यास पूर्ण असतो, कारण कॉलर तीच असते.
- वजन पूर्ण, रंग वेगळा: बहुतेक वेळा मुलामा. सोनेरी ५ रुपये, तांबूस १ रुपया वगैरे.

चुंबक इथेच लावून बघा. स्टीलची नाणी चिकटतात, कप्रोनिकेलची (तांबं-निकेलच्या मिश्रणाची) चिकटत नाहीत, साठच्या दशकातला शुद्ध निकेलचा १० ग्रॅमचा रुपया मात्र चिकटतो. म्हणजे ९ ग्रॅमचा जाड, कप्रोनिकेलचा ५ रुपया चुंबकाला चिकटला तर काहीतरी गडबड आहे, नाणं खोटं असेल किंवा खरोखर चुकीच्या धातूच्या चकतीवर पडलेलं असेल, दोन्हीत पुढे तपासणं भाग आहे.

## पायरी ४: कड

नाण्याची कड कोणी बघत नाही आणि खोटं करणारासुद्धा तिकडे लक्ष देत नाही, म्हणून ती इतकी उपयोगाची.

कडेवरचे दाते कॉलरमुळे येतात. नाणं कॉलरच्या बाहेर पडलं तर त्या भागात दाते येत नाहीत आणि धातू बाहेर पसरतो. खऱ्या ऑफ सेंटर नाण्याला न छापलेल्या भागात दाते नसतात. चित्र सरकलेलं आहे पण कडेवर दाते सगळीकडे अगदी व्यवस्थित आहेत, असं असेल तर कथा जुळत नाही.

हातोडीने पसरवलेल्या नाण्याला दाते असतात पण दबलेले, रुंद झालेले, आणि अक्षरंही चपटी, पसरट. कॉलरशिवाय पडलेल्या नाण्यावर अक्षरं उठावदार असतात.

कडेवर वरच्या बाजूला चांदीसारखा डाग किंवा घासल्याची खूण दिसली तर तिथे कडी जोडलेली होती. रुपयांची माळ करायची पद्धत आपल्याकडे होतीच, नंतर कडी तोडून नाणं विकलेलं असतं. ते डॅमेज. कितीही स्वच्छ काढलं तरी डाखाचा, म्हणजे जोड देताना वितळवलेल्या धातूचा रंग भिंगाखाली दिसतो.

तपासा: कडेला गोल फिरणारी बारीक रेघ किंवा काठाच्या आतल्या बाजूला वर्तुळाकार सांधा दिसतोय का? दोन्हीकडे छापा असलेली नाणी अशीच करतात, एक नाणं आतून पोखरायचं आणि दुसरं कातून त्यात बसवायचं. दगडी फरशीवर हलकेच वाजवून साध्या नाण्याशी तुलना करा, आवाज बद्द येतो.

## पायरी ५: उठलेलं की खोल?

आता भिंग. टॉर्च आडवी धरा आणि जी खूण आहे ती वर आलीय की आत गेलीय एवढंच ठरवा.

डायला तडा गेला की धातू त्या तड्यात शिरतो, म्हणून नाण्यावर ती रेघ उठलेली दिसते. डायचा काठाजवळचा तुकडा उडाला तर नाण्यावर तिथे गुळगुळीत फुगवटा येतो आणि तेवढी अक्षरं त्यात गायब होतात. नंतर पडलेला ओरखडा मात्र खोल असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना धातू नांगरल्यासारखा वर आलेला असतो.

पण खोल म्हणजे डॅमेजच असं पण नाही हां. डाय आणि चकतीच्या मध्ये कचरा, तार, कापडाचा धागा अडकला तर त्याचा ठसा खोलच उमटतो. फरक असा, की त्यात नांगरलेले काठ नसतात.

अक्षर गायब असेल तर आजूबाजूची जागा बघा. डायमध्ये ग्रीस भरलं असेल तर अक्षर मऊपणे विरघळल्यासारखं दिसतं आणि भोवतीचा पृष्ठभाग जसा इतर ठिकाणी तसाच असतो. घासून काढलं असेल तर बारीक समांतर रेघा दिसतात, चमक वेगळी असते, आणि बोट फिरवलं तर तो भाग किंचित खाली जाणवतो.

"डबल डाय", म्हणजे डायवरच अक्षर दोनदा कोरलं गेल्याने नाण्यावर दुहेरी दिसणं, याबद्दल जरा थांबून सांगतो, कारण स्टीलच्या रुपयांवर हे फार दिसतं. अक्षराच्या बाजूला पायरीसारखी सपाट, पातळ पट्टी असेल आणि मूळ अक्षर त्यामुळे बारीक झालं असेल तर तो छापताना डाय सैल हलल्याचा परिणाम, त्याला जास्त किंमत नाही. खऱ्या डबल डायमध्ये दोन्ही अक्षरं गोलसर, पूर्ण उंचीची असतात आणि टोकांना खाच दिसते.

## पायरी ६: दोन्ही बाजूंची साक्ष

ब्रोकेज. बाजारात याला लाखी म्हणतात. आधीचं नाणं डायला चिकटून राहिलं आणि पुढच्या चकतीवर त्याच नाण्याचा ठसा बसला, असं हे होतं. म्हणून पूर्ण लाखीवर एका बाजूला राजाचं डोकं उठलेलं आणि दुसऱ्या बाजूला *तोच* राजा खोल आणि उलटा असतो. दुसऱ्या बाजूचं मूळ डिझाइन तिथे अजिबात नसतं.

खोटी लाखी शिकंज्यात करतात, दोन नाणी एकावर एक ठेवून दाबायची. त्यात खोल ठसा तर येतो पण त्याच्याखाली मूळ डिझाइन चपटं होऊन शिल्लक असतं, आणि उलट्या बाजूला बरोबर त्याच जागी उंच भाग सपाट झालेले असतात. मी स्वतः सुरुवातीला अशीच एक पाव आण्याची "लाखी" घेतली होती, एका बाजूचा उलटा राजा बघून इतका हरखलो की नाणं पालटून नीट बघितलंच नाही. घरी आल्यावर बघतो तर राजाचं गाल-नाक दाबून सपाट केलेलं. दोन मिनिटं जास्त दिली असती तर पैसे वाचले असते.

कापलेली चकती. पत्र्यातून चकत्या पाडताना पंच आधीच्या भोकावर गेला की चकतीला गोल चावा बसतो. खऱ्या चाव्याजवळ अक्षरं चाव्याकडे ओढल्यासारखी, जरा पसरट होतात, कारण छापताना धातू त्या मोकळ्या बाजूला वाहतो. आणि बरोबर समोरच्या बाजूला काठ कमजोर, विरलेला असतो, कारण काठ उचलणाऱ्या यंत्रात त्या क्षणी समोर दाब द्यायला धातूच नव्हता. प्रत्येक खऱ्या नाण्यावर हा कमजोर काठ दिसेलच असं नाही, पण दिसला तर पुरावा भक्कम. कात्रीने किंवा कानशीने कापलेल्या नाण्यात अक्षर एकदम तुटतं, जसं कागद कापल्यावर तुटतं.

ऑफ सेंटर. दोन्ही बाजूंना रिकामी जागा, आणि ती नाण्याच्या त्याच टोकाला. एका बाजूला रिकामी चंद्रकोर आणि दुसरीकडे डिझाइन अगदी मधोमध असेल तर हात लावू नका.

१० रुपयांचं गाभा फिरलेलं नाणं. हे सध्या सगळ्यात जास्त विकलं जातंय म्हणून जोर देऊन सांगतो. आतला गोल आणि बाहेरची कडी यांच्यावरचं डिझाइन एकच डाय एकाच दाबात छापतो, आणि त्याच दाबाने दोन्ही तुकडे एकमेकांत बसतात. त्यामुळे गाभ्यावरचं चित्र कडीवरच्या चित्राच्या तुलनेत तिरकं किंवा गाभा उलटा असणं टांकसाळीत होऊच शकत नाही. गाभा बाहेर ढकलून परत बसवलेला असतो, सांध्याजवळ हत्याराच्या खुणा शोधा, सापडतात. खऱ्या चुकीत धातूची सीमा सरकलेली असते पण चित्र आपल्या जागी सलग राहतं, म्हणजे गाभ्याचा धातू कडीत घुसलेला आणि त्यावरून डिझाइन न तुटता गेलेलं.

भोकाचा पैसा. १९४३ ते १९४७ चा. भोक नसलेला म्हणून दाखवतात तेव्हा मधे गोल सांधा दिसतो का बघा, भरलेलं असतं. दुसरं जास्तीचं भोक असेल तर आत ड्रिलच्या गोल फिरणाऱ्या रेघा आणि एका बाजूला धारदार काठ दिसेल, ते गळ्यात घालायला पाडलेलं.

बदललेलं साल. जॉर्ज सहाव्याचा १९३९ चा चांदीचा रुपया दुर्मिळ, म्हणून १९३८ च्या आठाचा नऊ करतात. भिंगाखाली फक्त शेवटचा आकडा नाही, त्याच्या भोवतीची जमीन बघा, खरवडलेली, खाली गेलेली किंवा वेगळ्या रंगाची असेल. आधीच्या नऊशी शेवटचा नऊ ताडून बघा.

## पायरी ७: झीज आणि रंग जुळतात का?

नाणं तीस-चाळीस वर्षं हातातून हातात फिरलं असेल तर त्यावरची चूकही तितकीच फिरलेली आहे. कापलेली कड बाकीच्या कडेइतकीच गुळगुळीत आणि काळपट पाहिजे. सगळं नाणं चॉकलेटी आणि चाव्याची जागा गुलाबी-चमकदार तांब्याची, म्हणजे काम ताजं आहे. फक्त रंगावर मात्र निकाल देऊ नका, कारण रंग चढवता येतो. खोट्या रंगाचा थर खळग्यात साचलेला आणि सगळीकडे एकाच छटेचा दिसतो.

नदीतून काढलेल्या नाण्यांचं वेगळं आहे. नाशिक, पंढरपूरला नदीत टाकलेली नाणी परत बाजारात येतात, त्यांचा पृष्ठभाग खाल्लेला असतो आणि पापुद्रे निघालेले असतात. ते पापुद्रे बघून लोक धातूचा थर सुटलेला एरर म्हणतात. खरा थर सुटलेला असतो तेव्हा त्या एका जागेशिवाय बाकी नाणं ठणठणीत असतं.

## पायरी ८: नोंद, आणि त्यानंतरच किंमत

प्रत्येक नाण्याची एक चिठ्ठी करा: वजन, व्यास, चुंबक हो-नाही, कड कशी, खूण उठलेली की खोल, दुसऱ्या बाजूला काय. फोटो काढताना छापा, काटा आणि कडेचे निदान दोन असे चार फोटो हवेत, शेजारी साधं नाणं ठेवून. कोणाला मत विचारायचं असेल तर हेच पाठवा, नुसता एका बाजूचा अंधुक फोटो पाठवला तर कुणीही प्रामाणिकपणे उत्तर देऊ शकत नाही.

सावधान: "तुमचं नाणं लाखोंना घेतो, आधी रजिस्ट्रेशनचे पैसे भरा" असा फोन आला तर तिथेच ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे पैसे मागितले जातात, आणि बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय की असल्या व्यवहारांशी तिचा काही संबंध नाही.

ज्या नाण्याचा निकाल लागत नाही त्याला ओढूनताणून एरर करू नका. माझ्याकडे एक वेगळा डबा आहे, त्यात अशी नाणी कागदी पाकिटात, चिठ्ठीसकट ठेवतो. मऊ प्लास्टिकच्या पिशवीत नाही, त्यात हिरवा चिकट थर धरतो. त्याच प्रकारचं दुसरं नाणं हाती लागलं की डबा परत उघडायचा आणि पायरी ३ पासून पुन्हा मोजायला बसायचं.